भांदकचा दगडी पूल आणि चांद्याचे नदीघाट

चंद्रपूर (जुने नाव चांदा) जिल्ह्यात भद्रावती येथे डोलारा तलाव आहे. या तलावातल्या बेटाला काठाशी जोडणारा एक जुना दगडी पूल आहे. जाडजूड दगडी खांबांच्या दोन रांगा पाण्यात उभ्या केलेल्या आणि त्यांच्यावर दगडीच वाट, अशी त्याची बांधणी आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये त्याची लांबी १३६ फूट आणि रुंदी ७ फूट नोंदवलेली आहे, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतल्या पुलांचा इतिहास सांगताना आरंभ याच पुलापासून करावा लागतो. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या मोठ्या नद्यांच्या मुलखात सर्वांत जुना नावाजलेला पूल एखाद्या नदीवर नसून तलावात आहे. असे का झाले, हे समजून घेतले की या प्रदेशातल्या दळणवळणाची सारी कथा उलगडत जाते.

गाव आणि परिसर

भद्रावतीचे जुने नाव भांदक. वर्धा–बल्लारशा लोहमार्गावरच्या स्थानकाचे नाव आजही भांदकच आहे. गावाची प्राचीनता अनेक पुराव्यांनी सिद्ध आहे. विजासन टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट भांदकला सापडला आहे. भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन तीर्थ यांमुळे गावाला यात्रेकरूंची वर्दळ कायम असते. चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी भांदकच्या परिसरात असावी, असा तर्कही काही अभ्यासकांनी मांडला होता. बौद्ध, जैन आणि हिंदू अशा तिन्ही परंपरांचे अवशेष एकाच गावाच्या शिवारात असणे विदर्भात दुर्मीळ आहे. डोलारा तलाव आणि त्यातला पूल हे या वैभवशाली वस्तीचेच अंग होय.

खांब आणि तुळई

या पुलात कमान नाही. खांब उभे करायचे, खांबांवर आडव्या तुळया टाकायच्या आणि तुळयांवर सपाट शिळा अंथरायच्या, ही रीत मंदिराच्या सभामंडपाची. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा येथील देवळांचे मंडप ज्या पद्धतीने उभे राहिले, त्याच पद्धतीने कारागिरांनी पाण्यातली वाट उभी केली. अशा बांधकामात दगडाचे वजनच सांध्याला घट्ट धरून ठेवते. चुन्याशिवाय नीट घडवलेला दगड दगडावर बसवण्याच्या या रीतीला शुष्कसांधी बांधणी म्हणतात. दाब पेलण्यात दगड बळकट असतो, पण ताण सोसण्यात कमजोर. आडव्या शिळेच्या दोन टोकांना आधार दिला आणि मध्ये भार टाकला, तर शिळेच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि तिथेच ती तडकते. म्हणून दोन खांबांमधले अंतर काही फुटांपलीकडे नेता येत नाही. अंतर कमी म्हटले की खांब जास्त आले. भांदकच्या पुलाला एकाऐवजी खांबांच्या दोन रांगा आहेत, त्यामागे हाच हिशेब आहे.

खांबांची ही गर्दी संथ पाण्यात निभावून जाते, वाहत्या पाण्यात मात्र अंगाशी येते. पूर आला की वाहून आलेली झाडे, बांबू आणि काटक्या खांबांत अडकतात. पाणी तुंबते, त्याचा जोर वाढतो आणि खांबाच्या बुडाशी भोवरे होऊन वाळू उकरली जाते. पाया उघडा पडला की खांब कलतो आणि खांब कलला की वरची शिळा निसटते. हंपीजवळ तुंगभद्रेच्या पात्रात विजयनगरकालीन पुलाचे दगडी खांब आजही उभे आहेत, पण त्यांच्यावरची वाट कधीच गेली. श्रीरंगपट्टणला कावेरीवर १८०४ मध्ये म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांच्या काळात झालेला वेलस्ली पूलही दगडी खांबांचाच. तो टिकला, कारण कावेरीचे पात्र तिथे खडकाळ आहे. पुरीचा अठरा गाळ्यांचा अठरनाला पूल हे याच शहाणपणाचे आणखी एक उदाहरण. खांबांची बांधणी जिथे पाया पक्का आणि पाणी मवाळ असेल तिथेच टिकते. भांदकच्या कारागिरांनी तलावाची जागा निवडली, म्हणून शतके लोटूनही त्यांचे काम पाहायला मिळते.

तलावांचा मुलूख

तलाव हा पूर्व विदर्भाचा प्राण आहे. पाऊस वर्षाकाठी साधारण १२०० ते १५०० मिलिमीटर पडतो, पण तो चार महिन्यांतच. भाताच्या शेतीला त्यानंतरही पाणी लागते. ते साठवण्यासाठी उतारावर पाळ घालून तलाव बांधण्याची विद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोहळी समाज या कामात विशेष वाकबगार होता. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन माफीने देण्याचा रिवाज पाडला. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम या वस्तीच्या नावात ती आठवण टिकून आहे. पुढे ब्रिटिश अमलात हे तलाव मालगुजारांकडे गेले आणि स्वातंत्र्यानंतर माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सरकारी बोलीतले ‘मामा तलाव’, या नावाने ओळखले जाऊ लागले.

खंदक, पाळ, सांडवा आणि घाट यांचे ज्ञान या प्रदेशात मुबलक होते. चंद्रपूरचा परकोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि त्यांतले कोरीव दगडकाम पाहिले की दगडाच्या कारागिरीतही हा मुलूख मागे नव्हता हे पटते. एवढे असूनही गोंडकाळात वैनगंगेवर किंवा प्राणहितेवर पक्का पूल झाला नाही. कारागिरांजवळ कौशल्य होते. अडचण होती ती नद्यांच्या स्वभावाची.

छताचे पूल इथे का झाले नाहीत

जंगल असलेल्या इतर देशांनी नदी ओलांडण्यासाठी लाकडाचा आधार घेतला. स्वित्झर्लंडमधील लुत्सर्न शहराचा चौदाव्या शतकातला कापेलब्रुके हा पूल लाकडी असून त्यावर कौलारू छत आहे. दक्षिण चीनमधील डोंग लोकांचे ‘वारा-पावसाचे पूल’, व्हिएतनाममधील होई आन येथील जपानी पूल आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातले शेकडो छताचे पूल याच जातीचे. अमेरिकेतला असा पहिला पूल फिलाडेल्फियाला १८०५ मध्ये पुरा झाला. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर यांना जोडणारा १८६६ चा कॉर्निश–विंडसर पूल सुमारे १३७ मीटर लांब आहे. छताचे काम वाटसरूला सावली देण्यापुरते नसते. उघडा लाकडी पूल पावसाने आणि उन्हाने दहा-पंधरा वर्षांत कुजतो. तेच लाकूड छताखाली कोरडे राहिले तर शंभर वर्षे आणि त्याहूनही जास्त टिकते. लाकडाच्या त्रिकोणी कैच्या जोडून केलेला हा सांगाडा मधल्या खांबांवाचून तीस-चाळीस मीटरचा गाळा सहज ओलांडतो.

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाची ख्याती लक्षात घेता चांद्याच्या मुलखातही असे पूल व्हायला हरकत नव्हती, असे वरवर वाटते. पण छताच्या पुलाला अरुंद प्रवाह आणि दोन्ही बाजूंना उंच, टणक काठ लागतात. वैनगंगा आणि प्राणहिता यांची पात्रे शेकडो मीटर रुंद आहेत, तळ वाळूचा आहे आणि पुराचे पाणी काठ सोडून शेतांत पसरते. वाळवीचा उपद्रव तर बाराही महिने. शिवाय गरजही वर्षभराची नव्हती. दसरा-दिवाळीनंतर पाणी ओसरले की नदीत ठिकठिकाणी उतार मिळत. वाळूवर तुराट्या, गवत आणि फांद्या अंथरून बैलबंड्यांची वाट तयार होई. धान्य आणि मीठ घेऊन निघणारे बंजाऱ्यांचे तांडेही कोरड्या दिवसांतच हिंडत. पावसाळ्यात व्यापारच थांबे, म्हणून पुलासाठी कोणी खजिना रिता केला नाही.

डोंगा आणि घाट

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत नदी ओलांडण्याचे साधन एकच, डोंगा. मूळचा डोंगा म्हणजे एका मोठ्या खोडाचा गाभा तासून आणि जाळून काढलेली होडी. ती अरुंद, लांबट आणि बसक्या काठांची असते. नावाडी मागे उभा राहून लांब बांबू तळाला टेकवत तिला पुढे ढकलतो, पाणी खोल झाले की वल्हे घेतो. जड सामान न्यायचे असेल तेव्हा दोन डोंगे शेजारी बांधून त्यांच्यावर फळ्या टाकतात. हे काम मुख्यतः ढिवर आणि भोई समाजाकडे असे. पाण्याचा रंग, भोवऱ्याची जागा आणि वाळूचा सरकता उंचवटा ओळखण्याची त्यांची नजर हीच या घाटांची खरी सुरक्षा होती. ब्रिटिश अमलात १८७८ च्या कायद्याने सरकारी घाटांचे नियमन सुरू झाले. घाटाचा लिलाव होई आणि ठेकेदार ठरलेल्या दराने माणूस, जनावर आणि बंडी पार करून देई.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेला पलीकडच्या सावली तालुक्यातले भाविक नदी ओलांडून येतात, तेव्हा घाटाचे जुने रूप अजूनही दिसते. पण डोंग्याचा प्रवास धोक्याचा आहे, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडणीला निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. पुलाचा प्रश्न या जिल्ह्यांत आजही रोजीरोटीशी आणि जिवाशी जोडलेला आहे.

नदीचा रस्ता करण्याचा प्रयत्न

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिशांनी नदी ओलांडण्यापेक्षा नदीचाच रस्ता करण्याची योजना आखली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्याला न्यायचा, हा हेतू. ब्रिटिश अभियंते सर ऑर्थर कॉटन या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंद्रावतीच्या मुखाकडे इचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. त्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलपाश यांची कामे हाती घेण्यात आली. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीकाठचा प्रदेश मिळाल्यावर सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. पण हिवतापाने मजूर हैराण झाले, खर्च वाढत गेला आणि तोवर रेल्वे नागपूरला पोचली होती. १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्याला जोडली गेली आणि जंगलातल्या दूरच्या टोकाचे ठाणे एवढेच तिचे स्थान उरले.

लोखंड, सिमेंट आणि ठेंगणे पूल

मोठ्या नद्यांवर पक्के पूल आणले ते रेल्वेने. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि पुढे बल्लारशापर्यंत वाढला. बल्लारशाच्या दक्षिणेला वर्धा नदी ओलांडून काझीपेठकडे जाणारा मार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास वाहतुकीचा थेट रस्ता या जिल्ह्यातून गेला. खोल विहिरीसारखे पाये वाळूतून खाली टणक थरापर्यंत उतरवण्याचे तंत्र आणि मोठा गाळा पेलणारे पोलाद, या दोन गोष्टींनी नदीचा जुना अडसर दूर केला. भांदकच्या कारागिरांना जे तंत्र उपलब्ध नव्हते ते हेच होते.

रस्त्यांचे पूल उशिरा आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या दक्षिण भागातल्या असंख्य नाल्यांवर पूल नव्हते. जिथे काम झाले तिथे बहुधा रपटे झाले किंवा लोक ज्यांना ठेंगणे पूल म्हणतात ते कमी उंचीचे पूल झाले. पुराचे पाणी रपट्यावरून वाहते आणि तेवढा काळ वाहतूक थांबते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुरात तिथला ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते. लाहेरी-बिनागुंडा भागातल्या गावकऱ्यांनी पावसाळ्यासाठी नाल्यांवर लाकूड-बांबूचे तात्पुरते पूल श्रमदानाने उभारण्याची रीतही याच गरजेतून आली. गेल्या दशकात सिरोंच्याजवळ गोदावरी आणि प्राणहिता या दोन्हींवर उंच पूल झाले आणि तेलंगणाशी बारमाही रस्ता जोडला गेला.

वाळूच्या तळाचा प्रश्न मात्र आजही संपलेला नाही. सिरोंच्यासमोर गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. सिमेंटचा खांबही त्याच्या पायाइतकाच भक्कम असतो.

नोंद आणि छायाचित्र

भांदकची पुरातत्त्वीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. मेजर ल्युसी-स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात चांद्याचा इतिहास आणि जुनी स्थळे नोंदवली. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांत भांदक आणि मार्कंडा पाहिले आणि त्यांचा वृत्तांत १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी जे. डी. बेगलर यांनी मध्य प्रांतातल्या दौऱ्यात कॅमेरा सोबत ठेवला होता. काचेच्या पट्ट्या, रसायने आणि तंबू बैलगाडीवर लादून जंगलात छायाचित्रे घेणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते. त्यांच्यानंतर हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरावशेषांची यादी छापली. वास्तूंची मापे, आराखडे आणि चित्रे यांची शिस्त या माणसांनी घालून दिली.

या शिस्तीचे मोल वास्तू धोक्यात आली की कळते. लुत्सर्नचा कापेलब्रुके ऑगस्ट १९९३ मध्ये आगीत बराचसा जळाला, पण त्याची नीट नोंद असल्यामुळे पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला. अमेरिकेत ऐतिहासिक अभियांत्रिकी वास्तूंची नोंद करणारी सरकारी यंत्रणा १९६९ पासून काम करते आणि छताच्या पुलांसाठी तिने स्वतंत्र मोहीम राबवली आहे. मोजमापाचे आराखडे, मोठ्या आकाराची छायाचित्रे आणि लेखी इतिहास असे तिन्ही भाग प्रत्येक पुलासाठी तयार केले जातात.

भांदकचा पूल पाहायला जाणाऱ्याने याच पद्धतीने काम केले तर एका दिवसाची सहलही कामी येते. पावसाळा संपल्यानंतरचे महिने सोयीचे, कारण ऊन मवाळ असते आणि तिरप्या प्रकाशात दगडावरच्या छिन्नीच्या खुणा उठून दिसतात. पहिले चित्र पुलाची पूर्ण लांबी समोरून दाखवणारे असावे. दुसरे पुलाच्या तोंडाशी उभे राहून, खांबांच्या दोन्ही रांगा आणि मधली वाट दिसेल असे घ्यावे. त्यानंतर खांब आणि तुळई जिथे मिळतात तो सांधा जवळून टिपावा आणि शेजारी मोजपट्टी धरावी. पाण्याची पातळी, दगडावरच्या भेगा, शेवाळ आणि सांध्यांत उगवलेली रोपे यांची वेगळी चित्रे हवीत, कारण पिंपळ-वडाची मुळे शुष्कसांधी बांधणीचा सर्वांत मोठा शत्रू असतात. प्रत्येक चित्राला तारीख, वेळ आणि दिशा लिहावी. दरवर्षी त्याच जागेवरून तेच चित्र घेतले, तर कोणता खांब कलतो आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर कळते. दगडावर खडूने किंवा रंगाने खूण करू नये आणि सैल शिळांवर चढू नये.

हीच नोंद इतर पुलांची आणि घाटांचीही व्हायला हवी. रुंदीकरणात जुने रपटे नाहीसे होत आहेत, नवा पूल झाला की घाट ओस पडतो आणि डोंगा घडवणारे हात कमी होत चालले आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये यांनी तालुकावार अशी नोंदवही तयार केली, तर पुढच्या अभ्यासकांना ब्रिटिश अहवालांवरच विसंबून राहावे लागणार नाही. प्रत्येक गावात जुना घाट आणि तिथला नावाडी माहीत असलेले एखादे म्हातारे माणूस असतेच. त्याला विचारून, घाटाचे चित्र घेऊन आणि तारीख टाकून ही नोंद सुरू करता येते. गावागावांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते काम आता हाती घ्यावे.